एकशेवीस-ऐंशी

चौदा वर्षं गावची नर्सबाई राहिलेली मेघना गेल्याच महिन्यात मोठ्या नर्सचा, म्हणजे जीएनएमचा कोर्स करायला बारामतीला आली होती. आज दवाखान्यात बीपीच्या टेबलावर तिची पाळी होती. ती बसते न बसते तोच समोरच्या बाकावरनं ओळखीचे आवाज आले. तिच्याच गावची म्हाळसा आणि तिची सात महिन्यांची पोटुशी सून! मेघनानं मास्क डोळ्यांपर्यंत ओढला.

"आत्या, दीडशे म्हणाले. दंडाला पट्टा बांधून केवढा फुगवला! आपल्या नर्सबाईंनी तर कधी बांधला न्हाय."

"त्यास्नी पट्टा कशाला लागतुय? नुसतं तोंड बघून लिवायच्या. कार्ड बघ की, दर म्हयन्याला एकशेवीस-ऐंशी."

"जाऊबाईंच्या कार्डावर पण तेच हाय."

"मंग! गुणाची बाई. सगळ्यास्नी सारखंच."

"मग आजच कसं वाढलं?"

"हितलं मशीन बिघडलं आसंल."

"सिस्टर, त्यांचं बीपी परत घ्या," आतून डॉक्टर म्हणाले.

मेघनानं मान खाली घालून सुनेच्या दंडाला पट्टा गुंडाळला. कानात नळ्या घातल्या, तरी म्हाळसाचं बोलणं ऐकू आलंच.

"नीट बघा हां, बाई. आमच्या नर्सबाईंचं कधी चुकलं न्हाय."