चाच्यांचा सोमवार

मला सगळ्या विचारतात, एका वेळी तीन-तीन लिखाणं कशी गं जमतात? अहो, उपासांमुळे! उपासाला आम्हा दोघांचा स्वयंपाक थोडक्यात आटपतो, म्हणून मी वारच लावून घेतलेत. सोमवारी मुलांच्या मासिकाची चित्रकथा, गुरुवारी शाळेचं नाटक आणि संकष्टीला दिवाळी अंकाची कथा.

तर चित्रकथेचा पहिला भाग द्यायचा होता. आवडला तरच पुढे मालिका, असं संपादकांनी बजावलेलं. चित्रं आमच्या शेजारची केतकी काढते. सोमवारी दुपारी ती कागद घेऊनच आली.

"काकू, हे समुद्री चाचे आपल्या पावस गावात उतरून लुटतात काय, तर वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी?"

बघितलं तर खरंच की! मागच्या सोमवारी उपाशीपोटी लिहिलेलं ते.

"सुरमई करू का? संध्याकाळी पाठवायचंय."

"नको गं बाई, आज सोमवार. माझ्याच्याने सुरमई लिहवायची नाही."

"मग काय चाच्यांना उपास घडवायचा?"

"घडव! हरवलेलं गलबत सापडावं म्हणून त्यांच्या सरदाराने सोळा सोमवार धरलेत, असं लिही."

केतकी पोट धरून हसली. मी मात्र देवापुढे हात जोडले. म्हटलं, मालिका गेली तर गेली, व्रत तरी टिकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संपादकांचा फोन.

"ताई, पहिला सोमवार पोचला. उरलेले पंधरा कधी देताय?"