पॉइंटवाले प्रेक्षक

चहा थंड झाला तरी चालन, पण हे आयका. व्हिडिओ पायला की पायणाऱ्याले पॉइंट देणारं एक ॲप आलं होतं. त्याच्यावर मी बोंडअळीच्या फवारणीचा व्हिडिओ टाकला. अख्ख्या गावानं पायला, खाली "लय भारी माहिती" असं लिहिलं. मी फुगलो. चौथ्या दिवशी ध्यानात आलं, पंपाले दहा मिली औषध सांगायचं तं मी शंभर सांगून बसलो! धावतच सलीमभाईच्या वावरात गेलो. कपाशीची पराटी हिरवीगार, एक पान जळालं नव्हतं.

"भाई, व्हिडिओ नाही पायला काय?"

"पुरा पायला ना! व्हिडिओ लावून मोबाईल गोठ्यात टांगतो, आवाज बंद. पॉइंट भेटतात."

"अन् बाकीचे?"

"सारे असेच पायतात."

कोणीच आपलं आयकत नाही म्हणून जिंदगीत पयल्यांदा मी मारुतीले नारळ फोडला.