मिशीवाल्याचं जहाज

...अन वरनं मलाच म्हणतात, सांडूकाका, तुम्ही थापा मारता! अरे, सगळं जग पालथं घातलेला माणूस आहे मी! फिजी म्हणू नका, सिलोन म्हणू नका, आफ्रिका म्हणू नका... म्हणजे मी असा गेलो नाय कुठं. मी आपला गारखेड्यातल्या खाटेवरच, गुडघ्याला तेल चोळत. पण एका मिशीवाल्या अमेरिकन साहेबाचं जहाज माझ्या हातात होतं, अन तुम्हाला सांगतो, जहाज चालवणं सोपं, पण ते घरी लागू द्यायचं नाय म्हणलं की बघा कशी फजिती होती!

कोण साहेब म्हणता? आमच्या शेजारच्या दाऊदभाईंची पोरगी कहकशा कॉलेजात इंग्रजी शिकवती, तिनं सांगितलेली खरी गोष्ट आहे. सव्वाशे वर्षांमागं अमेरिकेत एक लेखक होता. लिहायचा असं की लोक पोट धरून हसायचे, पण धंद्यात पडला अन बुडाला. मग उतारवयात बायको अन मधली पोरगी बरोबर घेऊन निघाला जगभर, गावोगाव स्टेजवर उभा राहून लोकांना हसवायला! मोठी पोरगी अन धाकटी घरी ठेवली. नाव सांगितलं होतं कहकशानं, पण माझ्या जिभेवर बसंना. सातवीतच मास्तरांनी अन मी एकमेकांना रामराम केला, तिथं इंग्रजी नाव कुठनं बसायचं? फोटोत मिशा दिसल्या या एवढ्या, झुपकेदार. म्हणून आपला मिशीवाला.

अन ही गोष्ट मी सांगायचो कुणाला? आमच्या वच्छलाबाईंना. बायकोला हो! का, तर ती जेवंना. आमची प्रेरणा गेली ना... पुण्याला नोकरीला होती. डेंगू. ताप आलाय म्हणून फोन आला, आम्ही दोघं बसमध्ये बसलो, अन नगरच्या अलीकडंच दुसरा फोन आला. झालं. बस काय मागं फिरवता येती का? जायची तिथं जातीच ती... असो. तवापासून वच्छी रडली नाय. डोळ्यात टिपूस नाय! मी म्हणलं, बरंच झालं की, आता हिला रडू द्यायचंच नाय! अहो, तेराव्याला रडायच्या तयारीनं आलेले पाहुणे, डोळ्याला पदर लावायच्या आत हसवून परत लावले मी! जाताना म्हणत गेले, सांडू, तू काय सुधरायचा नाय.

पण जेवणाचं काय? टीव्ही लावावा, तर ज्या मालिकेत बघाल तिथं कुणीतरी दवाखान्यात, नाकात नळी, अन काचेतनं बघणारी आई! बंद केला डबा. मग दुपारी कहकशाकडनं गोष्ट ऐकायची अन संध्याकाळी ताटावर बसून हिला सांगायची. मिशीवाला फिजीला उतरला... अर्धी भाकर गेली पोटात. ऑस्ट्रेलियाला पोचला, घरी राहिलेल्या मोठीला पत्र धाडलं... सबंध भाकर! मग मुंबईला आला, आगगाडीनं दार्जिलिंगला गेला, अन तिथल्या डोंगरावरनं रुळावरच्या हातगाडीत बसून सूंऽऽऽ करून खाली आला, तर हिनं ताक मागून घेतलं! स्वतःच्या तोंडानं! मी म्हणलं, वा रे मिशीवाले, फिर बाबा, असाच फिर!

अन एक दिवस, साहेब आफ्रिकेत असताना, कहकशा म्हणाली, "चचा, बस. इसके आगे चाची को नक्को सुनाओ."

"कायकू? जहाज बुडतं काय?"

"नई चचा. जहाज तो पहुंचता..." अन ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग हळूहळू सांगितलं. मिशीवाला विलायतेत पोचला, पोरींना बोलावून घेतलं, तर मोठी आजारी. बायको घाईघाईनं जहाजात बसून घराकडं निघाली. अन जहाज भर समुद्रात असतानाच तिकडं पोरगी गेली.

भर समुद्रात हो.

मी म्हणलं, कहकशा, बाई, ह्या गोष्टीला दुसरा रस्ता नाय का? म्हणती, "चचा, सच्ची बात है, मैं कैसे बदलूं?" सच्ची असंल त्याच्या घरी! माझ्या घरी ते जहाज काय घरी लागू द्यायचं नाय!

फिरवलं! आफ्रिकेच्या बंदरातनं जहाज गर्रकन उलटं फिरवलं अन आणलं परत मुंबईला. वच्छी म्हणाली, "परत? आत्ता तर जाऊन गेला की." म्हणलं, चष्मा विसरला होता. तिथनं मनमाडला गाडी बदलून आपल्या स्टेशनात उतरवला, शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून कोंबला, क्रांती चौकात सिग्नलवर अर्धा तास तापवला, खुलताबादला चढवला, तिथल्या वाऱ्यात सर्दीनं पाडला, सीताफळं चारली, आणखी सर्दी! म्हणलं, पड इथंच महिनाभर. तुझं जहाज काय घरी लागू द्यायचं नाय!

बरं, गोष्ट काय एका घरात राहती का आमच्याकडं? दाऊदभाईंच्या सगीराभाभी भिंतीवरनं, "सांडूभाई, उनको हमारे घर कब लारे? मैं नान-खलिया बनाती!" अन मागनं दाऊदभाई, "पहले नल को पानी तो आन दो, हात किससे धोते उनो?" खरंच की! पाणी येऊन आठवडा झालेला. मग मिशीवाल्याला टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभा केला. वच्छी गालातल्या गालात... हसली म्हणत नाय मी. पण हललं काहीतरी तिथं.

मग मला काय चेव आला विचारू नका! काल संध्याकाळी साहेबाला सरळ आमच्याच घरी जेवायला आणला. वच्छीनं घास हातातच धरला, "घरात तुरीची डाळ नाय, अन जेवायला बोलावलंत? लाजा नाय वाटत?" अहो, खेकसली माझ्यावर! किती दिवसांनी! तुम्हाला सांगतो, छातीत असं गार वाटलं, म्हणलं आणखी दोन शिव्या दे बाई, उपकार होतील...

मग म्हणाली, "एकलाच आलाय? बायको कुठंय त्याची?"

"हाय की. दारात चप्पल काढायली."

हसली नाय. "मधली पोरगी?"

"ती बी हाय. पाय धुवायली."

"पाणी नाय अन पाय कशानं धुवायली?" ...आता ह्या बाईपुढं थाप तरी कशी टिकावी, सांगा मला! मी आपला हे हे करून हसलो. तर म्हणाली, "अन मोठी?"

मी म्हणलं, उद्या साहेबाला पैठणला न्यायचंय, धरण दाखवायला. "मोठी?" मी म्हणलं, तिथनं पैठणी घेऊन बायकोला... "अवो, मी मोठीचं विचारायले." मी म्हणलं, मग वेरूळ ऱ्हायलंय, अजिंठा ऱ्हायलाय, लोणारचं तळं ऱ्हायलंय, जहाज काय घरी लागू...

तिनं ताट बाजूला सारलं. आवाज चढवला नाय, काय नाय. म्हणाली, "मोठीचं नाव काढायचं बंद केलंत, तवाच कळलं होतं मला. प्रेरणाचं बी असंच बंद केलंत तुम्ही. लई फिरवलंत त्या माणसाला. आता जाऊ द्या त्याला घरी. त्याच्या बायकोला रडायचं असंल."