सेफ्टी काढण्याआधी

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे बँकेचे अधिकारी, आज ज्यांच्या निवृत्तीसाठी आपण जमलो ते आम्हाला पिस्तूल शिकवणारे मास्तर, त्यांना इतकी वर्षं सांभाळून घेणाऱ्या काकू आणि माझ्या सुरक्षारक्षक मित्रमैत्रिणींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मास्तरांचं शिकवणंही दोन शब्दांचंच होतं, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

नेमबाजीच्या रेंजवर त्यांनी आधी रिकामं पिस्तूल हातात दिलं. होल्स्टरमध्येच मूठ पक्की धरायची, डावा हात छातीशी, पिस्तूल सरळ वर काढून मग पुढे. बोट चापाच्या बाहेर. अंगठा सेफ्टीवर, म्हणजे गोळी अडवणाऱ्या खटक्यावर, पण दाबायचा नाही. मग मोठ्याने विचारायचं, "समोर कोण?" आणि उत्तर मिळाल्याशिवाय सेफ्टी खाली करायची नाही. समोर असायचा कागद! "कागद, मास्तर," असं आपणच म्हणायचं आणि हसू दाबायचं. दुसऱ्या बँकांचे रक्षक पिस्तूल काढता काढताच सेफ्टी उडवायचे. प्रत्येक स्पर्धेत आमचं नाक कापलं जायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "मास्तर, दरोडेखोर काय नाव-गाव सांगणार आहे?"

"नाही सांगितलं तर दाब," ते म्हणाले. झालं, विषय संपला.

नंतर आमच्या दुसऱ्या शाखेवर हेल्मेट घातलेल्या दोघांनी हल्ला केला, तिथला रक्षक जबर जखमी झाला. त्याच आठवड्यातली गोष्ट. रोकड गाडीत चढत होती, हमालांसाठी आमच्या शाखेचं मागचं दार उघडं होतं. एक हेल्मेटवाला धावत आत शिरला. हेल्मेटची काच खाली, उजवा हात जॅकेटच्या आत. माझं पिस्तूल कधी बाहेर आलं, मला कळलं नाही. अंगठा सेफ्टीवर होता आणि त्याचा हात बाहेर येत होता. तोंडातून मात्र सवयीने निघालं, "समोर कोण?"

"अगं, मी. तुझा दम्याचा पंप राहिला घरी."

माझा नवरा. तो बघा, तिसऱ्या रांगेत बसलाय. तो ही गोष्ट हसत सांगतो. मला अजून हसू येत नाही. त्या क्षणी मी त्याला ओळखलं नव्हतं हो, अजिबात नव्हतं.

संध्याकाळी मास्तर घरी आले. मी म्हटलं, "मला ही नोकरी नको. अंगठा अजून थरथरतोय." त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला आणि म्हणाले, "थरथरू दे. सकाळी रेंजवर ये."

मी गेले. म्हणून आज त्यांच्या जागेवर माझं नाव लागलं आहे. मास्तर, मला भीती वाटते. तुमच्याइतकं चिवटपणे कोणाच्या मागे उभं राहणं मला जमेल का?

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. सोमवारपासून रेंजवर माझं काही चुकलं, तर मास्तर, तुम्ही तेवढं माफ करू नका.