बोलायचे पैसे

शेषराव : मंग आता काय, वकीलसाहेब? उत्तम तर गेला.

चिंतामणराव : भाऊ गेले तरी दावा राहतो, शेषराव. वारसांची नावं लावावी लागतील. झुंबरबाई आणि दोघी मुली.

शेषराव : काल भावजयीच्या घरी तेरवी जेवलो. आज तिच्यावर दावा लावू? ते बी विहिरीच्या पाण्याच्या पाळीसाठी? काढून घ्या.

चिंतामणराव : उद्याच अर्ज देतो. आठ वर्षं झाली. महाराष्ट्र झाला त्या साली आला होतात तुम्ही.

शेषराव : हाव. तुमी तीनशे रुपये ठोक मांगले होते.

चिंतामणराव : आणि तुम्ही म्हणालात, ठोक नको, तारखेला दहा रुपये देतो.

शेषराव : वावरात पायतो ना मी. उक्तं निंदन देलं की बाया झपझप उरकतात, तण तसंच राह्यते. रोजानं लावल्या तर बूड धरून निंदतात. मले वाटलं, वकिलाचं बी तसंच असन.

चिंतामणराव : रोजाचं काम लांबतं, हेही पाहिलं असेल की.

शेषराव : पायलं. पन तिथं धुऱ्यावर मी उभा असतो, नजर ठेवून. कोर्टातलं मले काय समजते?

चिंतामणराव : शेषराव, एक सांगायचं राहिलंय. चौथ्या वर्षी उत्तमराव माझ्याकडे आले होते. चार दिवस तुम्ही, चार दिवस ते, असं पाणी घ्यायला तयार होते. मी म्हणालो, पुढच्या तारखेला बघू.

शेषराव : मंग?

चिंतामणराव : पुढच्या तारखेला विसरलो. नाही, विसरलो नव्हतो. माझ्या मुलीचं, पद्मजाचं, लग्न ठरलं होतं आणि तुमच्यासारख्यांच्या तारखांवर माझं घर चालत होतं. लाज वाटते मला. शिव्या दिल्यात तरी ऐकून घेईन.

शेषराव : शिव्या कायले देऊ.

चिंतामणराव : एक मात्र मला कधी कळलं नाही. तुमची दारं समोरासमोर. तुमच्याकडे यायचं सोडून ते मोटारीनं खामगावला माझ्याकडे कशाला आले?

(शेषराव डोक्यावरची टोपी काढून हातात घेतो.)

शेषराव : माह्याकडंच आला होता आधी. ओसरीत येऊन बसला. मी म्हटलं, बोलाचे पैसे मी वकिलाले देतो, त्याइच्याशीच जाऊन बोल.