झटका न देणारी गाडी

विठ्ठल विठ्ठल! झांजा जरा थांबवा. मंडळी, ऐका — ज्याची कुरकुर कधी ऐकू येत नाही, ते सुखात आहे असं समजावं का? लगेच माना डोलवू नका! आधी गोष्ट ऐका.

चिपळूणचे श्रीनिवास बेहेरे. हार्डवेअरचं दुकान, माणूस सज्जन, पण गाडीचं भारी वेड! जुनी गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, पण आत गियर होते. चढ लागला की एक सुटणार, दुसरा लागणार — मध्ये हलकासा झटका. पत्नी कुमुदिनीबाईंची कंबर दुखायची, म्हणून गृहस्थांनी सीव्हीटीवाली घेतली. म्हणजे काय? तिच्यात गियरच बदलत नाहीत! दोन पुल्या, मध्ये पोलादी पट्टा. पुली रुंदावते, आवळते, पट्टा सरकत राहतो. पोटातलं पाणी हलत नाही! पेट्रोलही कमी. बेहेरे भेटेल त्याला अडवून सांगायचे — आमचे पेटीवाले आपल्या जावयाचं कौतुक सांगतात ना, तसं! हसा, हसून घ्या.

गॅरेजवाला म्हणाला, "काका, गियरबॉक्सचं ऑइल बदलायला आलंय." बेहेरे म्हणाले, "लोण्यासारखी चालतेय, कशाला हात लावतोस?"

पुढे दोघं कराडला निघाली, भाचीच्या लग्नाला. कुंभार्ली घाट. चढावर इंजिन एकाच सुरात घुमत राहिलं — आणि वेग मात्र कमी कमी. आत पट्टा घसरत होता! गाडी वळणावर उभी राहिली. बेहेरे उतरले, वैतागून म्हणाले, "जुनी निदान झटका देऊन सांगायची. हिनं एकदा तरी कुरकुर करायची."

बाई दार धरून उभ्या होत्या. चेहरा पांढरा, हात पोटावर. म्हणाल्या, "अहो, मी केली होती."

"काय केली होतीस?"

"कुरकुर. गणपतीत सांगितलं, पोटात दुखतंय. तुम्ही म्हणालात, सोडा घे. दिवाळीत पुन्हा सांगितलं. मग म्हटलं, घर नीट चाललंय, कशाला."

मिळाला त्या टेम्पोनं कराड गाठलं. लग्न राहिलं, दवाखाना आधी. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. होळी बाईंनी पाहिली, पाडवा नाही.

गाडी दुरुस्त झाली, मंडळी! नवा पट्टा, नवं ऑइल. ती घेऊन बेहेरे माझ्या दारी आले. म्हणाले, "बुवा, कीर्तनात सगळ्यावर उपाय सांगता. मला सांगा." काय सांगू? पोथीत शोधला, नामात शोधला — रडू आलं, उपाय सापडला नाही. आजही माझ्यापाशी नाही.

तुमची वेळ अजून गेली नसेल. घरी जा. "बरी आहेस ना?" असं उभ्याउभ्या विचारू नका, ती हो म्हणेल. शेजारी बसा, पुन्हा विचारा. आणि बायांनो, "काही नाही हो" म्हणणं आज सोडा.

उठा. आरती मी एकटा करतो.