दांडीवरचं धोतर

मंडळी, बसा, सरकून बसा! आणि मला एक सांगा. काळजात माया आहे. पुष्कळ आहे! पण ती 'आहे, आहे' असं ओरडून सांगितलं, म्हणजे समोरच्याला पोचते का हो?

डोलू नका, उत्तर द्या! नाही येत? मग आमच्या अच्युतरावांचं ऐका.

केळशेत नावाचं गाव. तिथले अच्युतराव फणसळकर, पोस्टातून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाला काहीतरी होतंच – कुणाला गुडघेदुखी, कुणाला मधुमेह. यांना कथालेखन झालं! वाचनालयात दर रविवारी दुपारी कथावाचन असायचं. हे वाचायचे, गाव झोपायचं. दुपारच्या झोपेची उत्तम सोय!

आणि अध्यक्षांच्या खुर्चीत कोण? सख्खे थोरले भाऊ – नरहरपंत! अकरा वर्षं दोघांत बोलणं नाही. कारण? गावच्या नाटकात नरहरपंत भीम झाले होते. गदा उचलली आणि मिशी गळाली. गाव कसंबसं गप्प होतं. पण पडद्यामागून संवाद सांगायला बसलेले अच्युतराव – फिस्सकन हसले! मग काय, अख्खं गाव हसलं. भीम तसाच घरी गेला. त्या दिवसापासून अबोला!

हसता काय? तुमच्या घरातली भांडणं याहून मोठ्या कारणावरून आहेत वाटतं?

एकदा बातमी आली – नरहरपंत घर बंद करून, बायकोला घेऊन लेकीकडे नागपूरला निघाले. कायमचे! समोर जाऊन बोलायची छाती नाही. मग लिहिली कथा, दोन भावांची. रविवारी उभे राहिले, वाचू लागले – "धाकट्याला अतोनात पश्चात्ताप झाला. त्याचं हृदय विदीर्ण झालं. त्याचं थोरल्यावर अपरंपार, अथांग, अलोट प्रेम होतं..."

मंडळी, 'अलोट'पाशी पहिली रांग घोरायला लागली!

नरहरपंत उठले. भावाशी बोलत नाहीत ना? म्हणून खांबाकडे बघून म्हणाले, "पश्चात्ताप झाला म्हणे! कुठे झाला? मला तर दिसला नाही!" आणि निघून गेले.

अच्युतराव घरी आले, ते ओसरीवर बसून राहिले. जेवायला उठेनात. त्यांच्या पत्नी उमाकाकू बाहेर आल्या.

"अहो, काय झालं?"

"अगं, एवढे शब्द वापरले! अथांग वापरला, अलोट वापरला. अजून कुठला वापरू?"

"शब्द पुरे झाले. मला सांगा, गवळ्याचं घर चार पावलांवर. तुम्ही रोज सकाळी ओढ्यावरून वळसा घालून दूध का आणता?"

अच्युतराव उपरण्याचं टोक चाळवायला लागले.

"भावोजींच्या परसातली दांडी दिसते म्हणून ना? धोतर वाळत असलं, म्हणजे नाना उठले, आंघोळ झाली, सगळं ठीक. अकरा वर्षं बघताय! श्रावणात ते तापानं पडले तेव्हा तीन दिवस धोतर नव्हतं. तुम्ही चहात साखरेऐवजी मीठ घातलंत आणि सगळा प्यायलात! मी बघत होते. ते लिहा की!"

"हे? यात काय कथा आहे? धोतर कुणी लिहितं का?"

"मग लिहा अथांग! आणि जाऊ द्या त्यांना नागपूरला!"

पुढचा रविवार उजाडला. मंगळवारी नरहरपंतांची गाडी. अच्युतराव वाचायला उभे राहिले. कथेत पश्चात्ताप नाही, हृदय नाही, प्रेम हा शब्दसुद्धा नाही! नुसता ओढा, दुधाचा तांब्या, कुंपणाशी थबकलेले पाय आणि रिकामी दांडी. मिठाचा चहा आला, आणि पहिली रांग जागी! एक म्हातारी ओरडली, "अगो बाई, पुढे काय झालं?"

"चौथ्या दिवशी," अच्युतरावांनी वाचलं, "दांडीवर धोतर दिसलं. थोरल्याचा ताप उतरला होता."

"खोटं!"

नरहरपंत खुर्चीतून उठले होते. अध्यक्ष! आणि या वेळी खांबाकडे नाही हो – थेट भावाकडे बघत होते!

"साफ खोटं! चौथ्या दिवशीही ताप होता मला. एकशे तीन! आंघोळ कुठली करतोय? खिडकीतून बघितलं, हा तांब्या धरून कुंपणाशी उभा. तीन दिवस उभा! मग हिला म्हटलं, एक कोरडं धोतर भिजव आणि टाक दांडीवर. तो घरी तरी जाईल!"

अच्युतरावांच्या हातातले कागद खाली पडले. "नाना..."

"कथा दुरुस्त कर, अच्युता," नरहरपंत म्हणाले. "आणि उद्यापासून दूध घेऊन आत ये. चहा आमच्याकडे घे. आमच्याकडे साखर आहे."

मंगळवारची गाडी गेली. नरहरपंत नाही गेले.

आता तुम्ही म्हणाल, "बुवा, तात्पर्य सांगा." नाही सांगणार! सांगून पोचत असतं, तर अच्युतरावांचं अथांग पहिल्याच रविवारी पोचलं असतं. कथा लिहायची असो की संसार करायचा असो, समोरच्याला दिसलं पाहिजे!

बरं, इथे दोन सख्ख्या जावा आल्या आहेत. एक या भिंतीला, दुसरी त्या भिंतीला. मी नावं घेत नाही! दोघी मघाशी डोळे पुसत होत्या, तेही मी बघितलं. मधे सतरंजी मोकळी आहे, मंडळी. मी आता डोळे मिटून नामगजर करतो. उघडीन तेव्हा काय दिसतं ते बघू!